वाचकांचे प्रश्न : अन्नाच्या अ‍ॅलर्जीची तपासणी

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलीला कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे वर्षभर इसब आहे. ओळखीच्या एकाच्या सांगण्यावरून आम्ही तिचे रक्त देऊन दोनशेहून अधिक पदार्थांची आयजीजी तपासणी करून घेतली. अहवालात दूध, गहू, अंडे, शेंगदाणे, तूरडाळ आणि केळे यांच्यापुढे लाल खुणा आल्या, म्हणून तीन महिने हे सारे बंद ठेवले आहे. इसब होते तसेच आहे, वजन मात्र उतरले आहे. आणखी काय बंद करावे? — एक माता, नाशिक

उत्तर : आणखी काहीही बंद करू नये. जे बंद केले आहे त्यातील बहुतेक मुलीच्या ताटात परत यायला हवे, मात्र ते कसे आणावे याविषयी पुढे लिहिले आहे ते कृपया आधी वाचावे.

आपण करवून घेतलेल्या तपासणीत आयजीजी या प्रतिपिंडाचे प्रमाण मोजले जाते. जे अन्न आपण नेहमी खातो, त्याच्याविरुद्ध हे प्रतिपिंड निरोगी माणसाच्या रक्तातही तयार होतात. त्यांचा अर्थ एवढाच की शरीराची त्या अन्नाशी ओळख झाली आहे. म्हणूनच मराठी घरात रोज शिजणाऱ्या पदार्थांपुढेच लाल खुणा दिसतात. अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये, असे युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्ट केले आणि अमेरिका व कॅनडा येथील संघटनांची भूमिकाही तीच आहे. वाढत्या वयाच्या मुलीचे दूध, डाळ आणि गहू एका अहवालावरून एकदम सुटावेत, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते, कारण हे नुकसान टाळता येण्याजोगे होते.

खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे किंवा धाप लागणे अशी जी तत्काळ अ‍ॅलर्जी असते, तिच्यामागे आयजीई हा वेगळा प्रतिपिंड असतो. १९६०च्या दशकात डेन्व्हर येथे इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन व बेनिच यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचा शोध लावला. तो तपासण्याचे दोन मान्य मार्ग आहेत. पहिल्यात हातावर त्या त्या पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून त्यातून त्वचेला हलके टोचतात आणि साधारण पंधरा मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. ती नुसत्या मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा किमान ३ मिलिमीटरने मोठी असेल, तर निष्कर्ष होकारार्थी धरतात. त्याआधी काही दिवस सर्दी-खाजेवरील अँटिहिस्टॅमिन गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही. दुसरा मार्ग म्हणजे रक्तातील त्या पदार्थापुरते आयजीई मोजणे.

मात्र या दोन्ही तपासण्या होकारार्थी आल्या तरी त्या अ‍ॅलर्जी सिद्ध करत नाहीत, आणि याच ठिकाणी सर्वाधिक गोंधळ होतो. बंगळुरू आणि म्हैसूर येथील प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळले, परंतु लक्षणांशी मेळ बसून अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जेमतेम १.२ टक्के लोकांत दिसली. म्हणून ज्या पदार्थाने कधी त्रास दिलेला नाही, त्याची तपासणी करूच नये. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने काय झाले, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ल्यावर तसेच झाले का, हे ज्या डॉक्टरांनी विचारलेलेच नाही, त्यांच्या हाती अहवाल कितीही जाड असला तरी तो अपुराच ठरतो. संशय उरलाच, तर शेवटचा निवाडा प्रत्यक्ष खाऊ घालून होतो : रुग्णालयात, उपचारांची तयारी ठेवून, अगदी थोड्या मात्रेपासून टप्प्याटप्प्याने वाढवत.

आता आपल्या मुलीविषयी. इसब असलेल्या मुलांत महिनोन्‌महिने टाळलेला पदार्थ पुन्हा दिल्यावर, पूर्वी तो पचत असला तरी, क्वचित तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते. त्यामुळे दूध, अंडे, गहू आणि शेंगदाणे घरच्या घरी एकदम सुरू न करता बालरोगतज्ज्ञ किंवा अ‍ॅलर्जीतज्ज्ञ यांना पूर्वीचा इतिहास सांगून त्यांच्या देखरेखीखाली एकेक पदार्थ आणावा. इसबाचा मुख्य उपचार त्वचेवर होतो : दिवसातून दोनदा भरपूर मॉइश्चरायझर, आणि डॉक्टरांनी दिलेले मलम ठरलेल्या काळापर्यंत. स्टिरॉइड मलमाच्या भीतीने ते अर्ध्यावर सोडले जाते आणि दोष अन्नावर जातो, असे वारंवार घडते. कधी खाण्यानंतर श्वास घरघरला, आवाज बसला किंवा मूल मलूल पडले, तर गोळीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे; अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रिनलिन हाच पहिला उपचार असतो.

प्रश्न : वय पंचेचाळीस. दूध प्यायल्यावर पोट फुगते आणि जुलाब होतात, दही मात्र सोसते. त्वचेवरील चाचणी करावी का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आवश्यकता दिसत नाही. आपले वर्णन दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचण्याकडे बोट दाखवते. त्यात प्रतिपिंडांचा संबंध नसतो. दही लागताना लॅक्टोजचा काही भाग जिवाणू संपवतात आणि उरलेला पचवायलाही मदत करतात, म्हणून ते सोसते. खात्री हवी असल्यास श्वासातील हायड्रोजन मोजण्याची चाचणी उपलब्ध आहे. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर सतत पंजे चाटतो आणि त्याचे कान वरचेवर दुखतात. केसांचा नमुना पाठवून अ‍ॅलर्जी कळते, अशी जाहिरात पाहिली. ती तपासणी करावी का? — एक कुटुंब, पुणे

उत्तर : करू नये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा तपासणीसाठी खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर कृत्रिम केसांचे नमुनेही पाठवले गेले, आणि त्यांचेही अ‍ॅलर्जीचे अहवाल आले. कुत्र्या-मांजरांत अन्नासाठीच्या रक्त आणि लाळेच्या चाचण्यांवरही विसंबता येत नाही.

प्रथम पशुवैद्यकांकडून पिसवा, गोचीड, खरजेचे किडे, तसेच कानातील आणि त्वचेवरील जंतुसंसर्ग तपासून त्यांवर उपचार करून घ्यावेत. तरीही खाज राहिली, तर निवडक आहाराचा प्रयोग हाच खरा मार्ग आहे. कुत्र्याने आजवर न खाल्लेले एकच प्रथिन आणि त्याच्या जोडीला एकच पिष्टमय पदार्थ, किंवा पशुवैद्यकांनी लिहून दिलेले विघटित प्रथिनांचे खाद्य, आठ आठवडे द्यावे. कुत्र्यांत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू यांची अ‍ॅलर्जी अधिक आढळते. ज्या घरी कुत्रा दूध-पोळी आणि कोंबडीवर वाढला आहे, तेथे हे चारही विचारात घ्यावेत असे नाही, पण शेवटचे तीन नक्कीच घ्यावेत. घरी शिजवताना कांदा आणि लसूण वर्ज्य करावेत, कारण ते कुत्र्याला विषारी असतात. शिवाय असा आहार कॅल्शियमची भर न घालता दीर्घकाळ चालवू नये. मांजरावर हाच प्रयोग करणाऱ्यांनी ते नव्या अन्नाला तोंड लावेपर्यंत उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवसांच्या उपवासानेही त्याच्या यकृताला धोका पोहोचू शकतो.

प्रयोग फसतो तो बहुधा घरातील प्रेमामुळे. आजोबांनी टेबलाखालून दिलेला पोळीचा तुकडा, चहाबरोबरचे बिस्किट, मांसाच्या चवीची जंताची किंवा गोचिडांवरील गोळी, यांपैकी काहीही चालत नाही. गोळीला बिनचवीचा पर्याय पशुवैद्यकांना विचारावा. आठ आठवड्यांत खाज ओसरली, तरी निदान पूर्ण होत नाही, कारण ऋतू बदलूनही ती कमी झालेली असू शकते. म्हणून जुने अन्न मुद्दाम पुन्हा सुरू करावे. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, तर अन्नाचा दोष सिद्ध झाला असे समजून पुन्हा निवडक आहारावर यावे आणि मग एकेक घटक वाढवून नेमका दोषी शोधावा. खाज परतली नाही, तर त्याला त्याचे नेहमीचे खाणे खुशाल द्यावे आणि परागकण, बुरशी, घरातील धूळ यांकडे पशुवैद्यकांसह लक्ष वळवावे.