मकबऱ्यातला ‘म’

प्रश्न : बातम्यांत ‘खुलताबादचा औरंगजेबाचा मकबरा’ असे येते. कबर आणि मकबरा एकच का? आणि ‘मकबरात’ लिहावे की ‘मकबऱ्यात’?

एकच नव्हेत! पुरतात ती कबर, तिच्यावर उभी केलेली इमारत तो मकबरा. औरंगजेब १७०७ मध्ये वारला. त्याच्या कबरीवर छप्परच नाही. उघडी माती, तीत सब्जा. भोवतीची संगमरवरी जाळीसुद्धा विसाव्या शतकातली. याला मकबरा म्हणायचे तर तुळशीवृंदावनाला देऊळ म्हणा.

मकबरा बघायचा तर छत्रपती संभाजीनगरला त्याच्या बेगमेचा, दिलरस बानूचा बघा. ती १६५७ मध्ये गेली. कंबरेइतक्या उंचीपर्यंत आणि घुमटाला संगमरवर, मधल्या भागात काळा दगड आणि त्यावर गिलावा. म्हणून तो काळवंडतो. ताजमहालात वर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खऱ्या तळघरात. इथे वरच्या सज्जातून वाकले की खाली अष्टकोनी जाळीत थेट खरीच कबर दिसते. कबर आणि मकबरा यांतला फरक त्या कठड्याशी उभे राहिल्यावर कळतो.

पण गंमत आहे ती ‘म’ची. अरबीत तीन व्यंजनांचा धातू घ्यायचा, आधी ‘म’ लावायचा, की बहुधा त्या क्रियेची जागा तयार. क-ब-र म्हणजे पुरणे, त्यावरून मकबरा. द-र-स म्हणजे शिकणे, त्यावरून मदरसा. स-ज-द म्हणजे माथा टेकणे, त्यावरून मस्जिद, आपली मशीद. न-ज-ल म्हणजे उतरणे. उतरण्याची जागा मंजिल, आणि तीच आपली मजल! ‘मजल दरमजल करत मुक्कामाला पोचले’ यात मजलही त्याच घराण्यातली आणि मुक्कामही. तो क-व-म, म्हणजे उभे राहणे, यावरून. महालसुद्धा मुळात उतरण्याचीच जागा. ज्या कोशांत ‘मकबरा : थडगे’ एवढ्यावर बोळवण केली आहे, त्यांनी ही सगळी वरात दाराबाहेर ठेवली.

अरबी जाणणारे लगेच सांगतील, अरबीत मकबरा म्हणजे कबरस्तान. बरोबर आहे. पण फारसी-उर्दूत तो अर्थ आकसून एका इमारतीवर आला आणि मराठीने शब्द तिथून उचलला. अरबी कोश उघडून मराठीच्या चुका काढू नयेत.

हां, दुसरा प्रश्न राहिला. घोडा-घोड्यात, तसे मकबरा-मकबऱ्यात. त्यात ‘दोऱ्या’तला ऱ्या, ‘आचार्य’सारखा रफार देऊ नका.