बोर्ड दिसलाच नाही, तरी चलन आलं?

पार्किंगच्या चलनांबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : नौपाड्यातल्या एका गल्लीत संध्याकाळी गाडी लावून आईला दवाखान्यात नेलं. रात्री 500 रुपयांच्या ई-चलनाचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, तर ‘नो पार्किंग’चा बोर्ड बदामाच्या झाडाच्या फांद्यांत पार लपलेला. दाद मागण्यात काही अर्थ आहे का?
– एक वाचक, ठाणे

आहे, आणि जरूर मागा. मात्र आधी गाडी नेमकी कुठे उभी होती ते आठवा. फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बसस्टॉप, चौकाचं तोंड, शाळेचं किंवा दवाखान्याचं प्रवेशद्वार, कुणाच्या गेटसमोरची जागा, उभ्या गाडीला लावून दुसरी गाडी: या ठिकाणी पार्किंगला मनाई करायला बोर्ड लागतच नाही. 2017 च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय विनियमांनीच ती मनाई केलेली आहे. कडेच्या दगडांवर सलग पिवळा पट्टा असेल तरी तेच. तुमची गाडी दवाखान्याच्या दारात असेल, तर फांद्यांचा मुद्दा उपयोगाचा नाही. पैसे भरून मोकळे व्हा.

गाडी दारापासून दूर, साध्या रस्त्याच्या कडेला असेल, तर सगळी मदार बोर्डावर येते. पार्किंगबंदी मुळात पोलीस आयुक्तालयाच्या अधिसूचनेनं लागू होते आणि बोर्ड ती वाहनचालकाला कळवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 119 चालकाला वाहतूक चिन्ह पाळायला सांगतं. जे चिन्ह चालकाच्या नजरेला पडूच शकत नाही ते त्यानं पाळावं कसं, हा तुमचा मुद्दा, आणि तो फोटोनं सिद्ध करायचा आहे.

लोक इथेच कमी पडतात. झाडाखाली उभं राहून, मान वर करून बोर्डाचा फोटो काढतात. त्या फोटोत बोर्ड छान दिसतो आणि तो तुमच्याच विरुद्ध जातो! फोटो ज्या दिशेनं गाडी आली त्या दिशेनं, चालकाच्या सीटवरून, डोळ्यांच्या उंचीवरून काढा. एक लांबून, एक थोडा जवळून, एक गाडी उभी होती त्या जागेवरून. मागे दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब येऊ द्या, म्हणजे जागा ओळखता येते. चलन संध्याकाळचं आहे, तेव्हा फोटोही संध्याकाळीच काढा. तारीख, वेळ आणि लोकेशन फोटोत नोंदलं जाईल असं सेटिंग ठेवा. आणि आजच जा. उद्या फांद्या छाटल्या गेल्या, तर पुरावाही गेला.

मग महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून पोलिसांनी काढलेला फोटो बघा. त्यात बरेचदा फक्त नंबरप्लेट असते, बोर्ड नसतो. तसं असेल तर अर्जात आवर्जून लिहा.

दाद मागायची असेल तर दंड भरू नका. भरलात की कलम 200 प्रमाणे तडजोड झाली आणि विषय संपला. त्याच वेळी चलनावरची मुदतही वाचा, ती उलटू देऊ नका. तक्रार ऑनलाइन टाका आणि तोच मजकूर वाहतूक शाखेत लेखी देऊन पोच घ्या. मजकूर एवढा पुरे:

‘दि. … रोजी सायं. … वाजता माझे वाहन क्र. … हे … येथे उभे असताना चलन क्र. … करण्यात आले. सदर ठिकाणचा नो पार्किंग फलक झाडाच्या फांद्यांआड असून येणाऱ्या वाहनचालकास दिसत नाही. रस्त्याच्या कडेस पिवळा पट्टा नाही. चालकाच्या बाजूने काढलेली छायाचित्रे जोडली आहेत. चलनासोबतच्या छायाचित्रात फलक दिसत नाही. सबब चलन रद्द करावे व फांद्या छाटण्याबाबत महापालिकेस कळवावे, ही विनंती.’

आई आजारी होती, घाई होती, हे सगळं खरं असलं तरी त्यात घालू नका. त्यानं मुद्दा पातळ होतो. शेवटची ओळ मात्र ठेवाच. तुमचे 500 वाचले आणि बोर्ड तसाच लपलेला राहिला, तर उद्या दुसरं कुणीतरी अडकणार.

प्रश्न : बोर्डावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लावलेला होता. फ्लेक्स लावणाऱ्याचा गुन्हा, दंड मला का?
– एक वाचक, कळवा

तुमचा राग रास्त आहे. वाहतूक चिन्ह झाकणारी जाहिरात किंवा पाटी काढून टाकण्याचा अधिकार कलम 116 नं वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना दिलेला आहे. त्याचा उल्लेख अर्जात करा. फ्लेक्स एका रात्रीत उतरतो, म्हणून फोटो त्याच दिवशीचा हवा. बाकी पद्धत वरचीच.

प्रश्न : वाशीत ‘पे अँड पार्क’वाल्याकडे रीतसर पैसे भरले, त्यानं पावती दिली. तरीही नो पार्किंगचं चलन आलं. पोलीस म्हणतात पावतीचं आम्हाला सांगू नका. मग कुणाला सांगायचं?
– एक वाचक, कोपरखैरणे

पोलिसांनाच, पण लेखी. पार्किंगचा ठेका महापालिका देते आणि चलन वाहतूक पोलीस करतात. दोन्हींचा मेळ बसला नाही की असा भुर्दंड तुमच्या माथी येतो. कलम 117 प्रमाणे पार्किंगच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत अपेक्षित आहे, तेव्हा ‘ते वेगळे, आम्ही वेगळे’ हे उत्तर पटण्यासारखं नाही.

पावती नीट बघा. तिच्यावर महापालिकेचं नाव, ठेकेदाराचं नाव, जागा, गाडीचा नंबर आणि वेळ आहे का? असेल तर तुमची बाजू बळकट आहे. हातानं खरडलेली कोरी चिठ्ठी असेल तर अवघड आहे, कारण ठेक्याची हद्द एका खांबापाशी संपते आणि माणूस पुढच्या चार गाड्यांचेही पैसे घेतो, असं घडू शकतं. हद्द दाखवणारा बोर्ड आणि तुमची गाडी एकाच फोटोत येत असतील तर उत्तम. पावतीची छपाई काही दिवसांत पुसट होते, म्हणून आधी तिचा फोटो काढा. अर्ज वाहतूक शाखेला करा आणि प्रत महापालिकेच्या विभाग कार्यालयाला द्या. ठेकेदारानं हद्दीबाहेर पैसे घेतले असतील, तर त्याची चौकशी पालिकेनं करायला हवी.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर पी-1, पी-2 आहे. 31 तारखेला रात्री बरोबर बाजूला गाडी लावली. 1 तारखेला सकाळी बाजू बदलली, तर चलन!
– एक वाचिका, ठाणे

चलन बरोबर आहे, ताई. पी-1 म्हणजे विषम तारखांची बाजू, पी-2 म्हणजे सम तारखांची. 31 विषम आणि 1 सुद्धा विषम, म्हणून त्या दोन दिवसांत बाजू बदलतच नाही. रोज बदलायची सवय लागलेली माणसं महिनाअखेरीला हमखास फसतात. बोर्डावर ‘सम’, ‘विषम’ हे शब्द पुसले गेले असतील तर तक्रारीला जागा आहे. स्पष्ट असतील तर नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर वर्षानुवर्षं गाडी लावतो. एके दिवशी टोइंगवाल्यांनी उचलून नेली. म्हणे कामासाठी तात्पुरती बंदी आहे. बोर्ड एकही नव्हता.
– एक वाचक, ठाणे

कलम 127 नीट समजून घ्या. ज्या ठिकाणी पार्किंग कायदेशीररीत्या मना आहे तिथून गाडी उचलता येते, पण ती उचलायला त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. टोइंगच्या गाडीवरची पोरं स्वतःच्या मनानं ती उचलू शकत नाहीत. तेव्हा पहिला प्रश्न : गाडी उचलली तेव्हा अधिकारी हजर होता का? जवळच्या दुकानदाराचा सीसीटीव्ही इथे कामाला येतो. फुटेज लवकर पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी विनंती करा.

दुसरा प्रश्न बंदीचा. कलम 115 खाली महिन्याभरापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रातली अधिसूचना लागत नाही, पण परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. ती कुठे आणि कशी दिली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पोलीस आयुक्तालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा : 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत लिहायचा असतो. आदेशाची प्रत आणि बोर्ड कधी, कुठे लावले याची नोंद, एवढंच मागा. ‘तुम्ही असं का केलंत’ असे प्रश्न घातलेत तर अर्ज वाया जातो.

गाडी तर सोडवून आणायलाच हवी. टोइंगचा खर्च आणि दंड या दोन वेगळ्या रकमा आहेत. खर्च भरून पावती घ्या आणि दंड चलनावर प्रलंबित ठेवायची विनंती करा. गाडी ताब्यात घेण्याआधी तिथेच तिच्याभोवती फिरून व्हिडिओ काढा. बंपरला, हँडब्रेकला किंवा चाकाला इजा झाली असेल, तर नंतर सांगून कुणी मानणार नाही.

प्रश्न : चुकीच्या चलनाबद्दल लोकअदालतीची नोटीस आली आहे. तिथे जाऊन बाजू मांडू का?
– एक वाचक, खारघर

लोकअदालत समेटासाठी असते. तिथे पुरावा तपासून दोष कुणाचा हे ठरवलं जात नाही. शिवाय तिथल्या निवाड्यावर अपील नाही. जुनी, आपलीच चूक असलेली चलनं तिथे जरूर मिटवा. पण बोर्ड नव्हता यावर तुम्ही ठाम असाल आणि फोटो हातात असतील, तर समेटाला नकार द्या. मग प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातं आणि फोटो तिथे दाखवायचे. तुमच्या भागात एक गोंधळ होतो : खारघरचे वाहतूक पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, पण जिल्हा रायगड. त्यामुळे नोटिशीवर कुठल्या न्यायालयाचं नाव आहे ते बघूनच निघा. नाहीतर ठाण्याला हेलपाटा व्हायचा.

आणि नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) म्हणून आली असेल तर ती उघडूच नका. खरं चलन कुणालाही अ‍ॅप टाकायला लावत नाही. आधी सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून खात्री करा.