विद्यापीठातल्या मुलामुलींमध्ये खाण्याचे विकार आणि दिवसाचं बिघडलेलं वेळापत्रक यांचा संबंध असतो का?

असतो, आणि दोन्ही बाजूंनी असतो. खाण्याचा विकार म्हणजे खाणं आणि वजन यांच्या विचाराने मन व्यापून टाकणारा मानसिक आजार. तो ताटापुरता राहत नाही, दिवसाचे तास गिळतो. काय खाल्लं, किती खाल्लं, आता किती चालायचं, या हिशेबात डोकं अडकतं आणि अभ्यास, मित्र, झोप, छंद मागे पडतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. आधी कुठलाही विकार नसताना त्यांचं मन सतत अन्नाभोवती घोटाळू लागलं, माणसांत मिसळणं कमी झालं. म्हणून असा विकार असलेल्यांवर मारला जाणारा ‘मनाने कमकुवत’ हा शिक्का मला साफ चुकीचा वाटतो. उपाशी मेंदू असाच वागतो.

उलट बाजूने, जागरणं आणि चुकवलेली जेवणं यांतून उपाशी राहणं आणि मग एकदम खूप खाणं, हे चक्र सुरू होऊ शकतं.

वजनावरून अंदाज बांधू नका, ते नॉर्मल असूनही आजार गंभीर असू शकतो. मैत्रीण सोबत जेवणं टाळत असेल, आजारपणातही व्यायाम सोडत नसेल, तर दिसण्याविषयी चकार शब्द न काढता “हल्ली तू आमच्यात नसतेस, काळजी वाटते” एवढंच म्हणा आणि समुपदेशकाकडे सोबत जा. चक्कर किंवा छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.