पुढच्या हबचं बेअरिंग बदललं, तरी चाक तापतंय. नट नेमका किती आवळायचा?

तुमची अडचण अशी: दहा चाकी गाडीच्या पुढच्या दोन्ही हबना (चाकाच्या मधल्या तुंब्यांना) नवीन बेअरिंग टाकलं, फिटरने "फुल टाईट करून पाव फेरा ढिला सोडला", आणि तरीही डावा हब तापतोय.

पाव फेरा हा आकडा काही हबना चालतो, पण नुसता तेवढा आकडा अर्धवट आहे. फुल टाईट म्हणजे किती, आवळताना चाक फिरवलं होतं का, आणि बाहेरचा जॅम नट (आतल्या नटला जागेवर रोखणारा) बसल्यावर किती प्ले, म्हणजे हबची आत-बाहेर हलायची ढील, उरला, हे कळल्याशिवाय त्या पाव फेऱ्याला अर्थ नाही. टेपर रोलर बेअरिंगला शेवटी ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर एवढाच प्ले हवा. आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिलिमीटर असेल तर नट नुसता २४ अंश फिरला की ०.१ मिलिमीटर सरकतो. छिन्नी-हातोड्याने नट ठोकून हे माप साधत नाही. शिवाय नटाच्या कडा तुटून लोखंडाचा कीस ग्रीसमध्ये जातो तो वेगळाच.

आधी गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढील कमी-जास्त करायचा भाग) सोडून ब्रेक पूर्ण ढिले करा. ब्रेकचा लायनर ड्रमला घासत असेल तर तो जडपणा बेअरिंगचाच वाटतो, आणि नट गरजेपेक्षा ढिला राहतो. मग आतल्या नटला टॉर्क रेंच लावून २७० न्यूटन मीटरपर्यंत, म्हणजे साधारण २७ केजीएम (किलोग्रॅम-मीटर), आवळा. आवळताना हब दोन्ही बाजूंना सतत फिरवत राहायचा. ही पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते. हब उभा ठेवून आवळला तर रोलर तिरके अडकतात, नट टाईट लागतो, आणि दोन किलोमीटर चालल्यावर रोलर कोनच्या (बेअरिंगच्या आतल्या कड्याच्या) काठाला जाऊन बसले की तोच नट ढिला होतो.

आता नट एक पूर्ण फेरा सोडा. पुन्हा हब फिरवत ६८ न्यूटन मीटरला, म्हणजे ७ केजीएमला आणा. तिथून पुढच्या एक्सलला अर्धा फेरा मागे घ्या (एक षष्ठांश किंवा पाव फेरा हा पुढच्या एकाच नटाच्या हबसाठी). मागच्या एक्सलला बहुतेक पाव फेराच असतो. हे आकडे अमेरिकेतल्या ट्रकिंग असोसिएशनच्या मेंटेनन्स कौन्सिलच्या शिफारशीतले, दोन नटांच्या हबसाठीचे आहेत. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. कंपनीतून सेट होऊन येणाऱ्या सीलबंद हबला ही पद्धत लावायचीच नाही.

लॉक वॉशरचं भोक पिनला जुळत नसेल तर वॉशर उलटा करून बघा. तरीही जुळलं नाही तर नट जुळण्यापुरता ढिला करा, पुढे आवळू नका. मग जॅम नट २७० ते ४०० न्यूटन मीटरला आवळा. तो आवळताना आतला नट आट्यांमधली ढील भरून काढत किंचित आत सरकतो आणि प्ले कमी होतो. तुमचा डावा हब इथेच फसला असण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण आतला नट सोडल्यावरच "झालं" म्हणून चाक चढवतात.

म्हणून मोजमाप जॅम नट बसल्यावरच घ्यायचं. डायल गेजचा (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापाचा) मॅग्नेट हबला लावा, टोक स्टब एक्सलच्या (हब ज्यावर बसतो त्या दांड्याच्या) तोंडावर टेकवा, हब दोन्ही बाजूंनी धरून थोडा थोडा फिरवत आत ढकला आणि बाहेर ओढा. काट्याच्या दोन टोकांमधला फरक हाच प्ले. शून्य आला तर पुन्हा उघडा. चाक वर-खाली हलवून प्ले बघायची सवय फसवी आहे, कारण किंग पिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) झिजली असली तरी चाक तसंच हलतं. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. हलणं थांबलं तर ढील बेअरिंगची, तसंच राहिलं तर किंग पिनची.

नट बरोबर असूनही हब तापत असेल तर कप, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं कडं, बघा. नवीन कप हबमध्ये तळाला टेकलेला नसेल, तर चालताना तो सरकतो आणि सेटिंग बिघडतं. कप आणि हबच्या खांद्यामध्ये ०.०५ मिलिमीटरची फिलर पट्टी शिरता कामा नये. कप ठोकायला पितळी दांडा वापरा. कप नवा आणि कोन जुना अशी जोडी कधीच लावू नका.

ग्रीस कोनच्या रुंद बाजूने दाबून भरायचं, रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूला बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी मात्र ठासून भरू नका. जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडून लायनरवर येतं. लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस घ्या, जुनं डिझेलने पूर्ण धुऊन, सुकवून मगच. धुतलेलं बेअरिंग हवेच्या नळीने गरागरा फिरवू नका, कोरडे रोलर ओरखडतात.

वाळवा-कराड भागात ऊस ओढणाऱ्या गाड्यांसाठी एक खास गोष्ट. सरीतल्या चिखलातून सीलच्या आत पाणी जातं आणि हंगाम संपला की गाडी पावसाळाभर एका जागी उभी राहते. अशा वेळी कपवर रोलरच्या अंतराअंतरावर काळ्या, आडव्या गंजाच्या रेघा उमटतात. नखाला रेघ लागली तर बेअरिंग फेकायचं, ॲडजस्टमेंटने ते सुधारत नाही. हब खोलून ग्रीस बदलायचं काम हंगाम संपल्या संपल्या करा, गळितापर्यंत थांबू नका.

शेवटची तपासणी सपाट रस्त्यावर. पेठ नाक्याकडून कराडच्या दिशेने हायवेला वीस-पंचवीस किलोमीटर, ब्रेक कमीत कमी दाबून, आणि थांबल्या थांबल्या तापमान मोजायच्या गनने दोन्ही हब बघा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर गरम हब पुन्हा खोला. कुंभार्ली उतरून चिपळूणला पोहोचल्यावर हात लावून काही कळणार नाही, तिथे ड्रमच्या उष्णतेने सगळेच हब तापलेले असतात.