आधी यादी, मग साधन

ब्लॉगवरचा नवा लेख वाचकांना ईमेलनं पाठवायचा, तर दहा-वीस वाचक असताना जीमेलमधून बीसीसी करून (म्हणजे पत्ते एकमेकांना न दिसता) पाठवलं तरी भागतं. पण त्याची सवय लावून घेऊ नका. फुकट खात्याला दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे, शिवाय 'नको' म्हणणाऱ्याचं नाव तुम्हालाच हातानं काढावं लागतं.

असे मेल पाठवणारं साधन (ऑनलाइन सेवा) घेताना मी आधी एकच पाहतो: पत्त्यांची यादी सीएसव्हीमध्ये (कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवून घेता येते का? ब्लॉगचे लेख मेलनं पाठवणाऱ्या गूगलच्या फीडबर्नरनं २०२१ मध्ये ईमेल सेवा बंद केली, तेव्हा यादी हाताशी असलेल्यांचंच निभावलं. मग आरएसएसवरून (ब्लॉगवरच्या नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी) नवा लेख आपोआप जातो का, नोंदणीनंतर वाचकाची पुष्टी घेतली जाते का, ते बघा. स्वतःचं डोमेन असेल तर एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या नोंदी) लावाच, नाहीतर मेल स्पॅममध्ये जाण्याची भीती. टेम्प्लेटच्या रंगरंगोटीत मात्र (मी घालवले तसे) दिवस घालवू नका.