उत्तर: नव्या लॅपटॉपवर सिंकथिंग २ आणि 'फाइल नेम टू लाँग'

गोव्यातल्या साखळी गावच्या भावाची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं परत वर आलं. त्यांचं म्हणणं असं: नवा लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट, दोन मशिनवरचे फोल्डर सारखे ठेवणारं सिंकथिंग २ टाकलं, ऑफिसच्या विंडोजवरनं फाइल्स यायला लागल्या आणि फक्त लांब मराठी नावांच्या फाइल्स 'फाइल नेम टू लाँग' म्हणत अडकल्या. त्यावर सगळे 'अपडेटच भिकार, जुनी आवृत्ती टाका' म्हणतायत. मला नाही तसं वाटत.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला नव्हे, फोंड्यात डीटीपी करतो, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. पण मिंट बसवताना 'होम फोल्डर एन्क्रिप्ट करा' (म्हणजे तुमच्या फाइल्सचा फोल्डर कुलूपबंद करा) वर टिक केली होती का ते आठवा. टर्मिनलात (कमांड लिहायच्या खिडकीत) 'डीएफ'ला कॅपिटल टी लावून, म्हणजे df -T ~ लिहून, होम फोल्डरचा प्रकार बघा, 'ईक्रिप्टएफएस' (ecryptfs, होम एन्क्रिप्ट करायची पद्धत) दिसलं की रोग तिथेच आहे. लिनक्सच्या नेहमीच्या साध्या ईएक्सटी४ डिस्कवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात, ईक्रिप्टएफएसमध्ये नावही एन्क्रिप्ट होतं म्हणून हातात उरतात १४३. आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलंत सगळं वेगवेगळं मोजून तीन-तीन बाइट खातं. विंडोज बाइट मोजतच नाही, तिथे हेच नाव आरामात बसतं, म्हणून ऑफिसवाले म्हणणार आमच्याकडे तर उघडतंय.

माझी फाइल होती 'महाशिवरात्र उत्सव नाटक हस्तपत्रिका अंतिम दुरुस्ती.pdf'. ही १४१ बाइट, बसली. मग समितीच्या अध्यक्षांनी नाटकाची वेळ बदलली आणि दुकानातल्या पोराने त्याच नावात शेवटी 'अध्यक्षांनी' जोडून नवी फाइल केली, झाले १७५. ती लॅपटॉपवर आलीच नाही. मी आपला जुनीच शेवटची समजून छापखान्यात घेऊन गेलो आणि सगळी हँडबिलं चुकीच्या वेळेची छापली. उत्सवाच्या तोंडावर ती परत छापायची म्हणजे काय ते समितीवाल्यांना विचारा, कागदाचे पैसे माझेच गेले.

हे सिंकथिंगवर नव्हतं, तेव्हा मी पैसे भरून घेतलेली फाइल सिंकची एक सर्व्हिस वापरायचो, नाव नाही घेत. त्यांच्या सपोर्टला लिहिलं, एररचा स्क्रीनशॉट लावला, होम एन्क्रिप्टेड आहे हेही लिहिलं. उत्तर आलं अ‍ॅपची कॅशे (तात्पुरता साठा) साफ करा. केली. मग दुसऱ्याच माणसाचं उत्तर, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम ते कळवा (पहिल्याच ओळीत लिहिलं होतं!). मग तिसरा म्हणाला अकाउंट अनलिंक करा, अ‍ॅप काढून परत टाका, तोच फोल्डर निवडा. इथे खरं वाटोळं झालं. भर पावसात, दर थोड्या वेळाने वीज जातेय, नेट जातंय, आणि ते सगळं फोल्डर पहिल्यापासून तपासत बसलं, मधल्या काळात दुकानात ज्यावर काम झालं त्या प्रत्येकाची कॉन्फ्लिक्ट कॉपी (दोन्हीकडे फरक पडला की बनणारी जादा प्रत), आणि त्या कॉपीच्या नावाला आणखी शेपूट, म्हणजे कालपर्यंत बसणारी नावंही आता बसेनात. शेवटी सल्ला काय, तर फाइलच्या नावात स्पेशल कॅरॅक्टर वापरू नका. अहो, मराठी नाटकाचं हँडबिल आहे, नाव मराठीत नाही तर कशात ठेवू? तिकीट त्यांनीच 'सोडवलं' म्हणून बंद केलं. रेटिंग मागायला मात्र मेल वेळेवर आला.

तेव्हा फोल्डर काढून परत जोडा म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. अडकलेली नावं विंडोजच्या बाजूनेच छोटी करा, एकाच मशिनवर, दोन्हीकडे हात घालू नका. सिंकथिंगची कॉन्फ्लिक्ट कॉपी तारीख-वेळ वगैरे धरून नावाला ३८ बाइट वाढवते, तेवढी जागा सोडा, म्हणजे नाव साधारण तीस-पस्तीस अक्षरं, काना-मात्रा धरून. कायमचं हवं असेल तर माझ्या मते होमचं एन्क्रिप्शन सोडून पूर्ण डिस्क लक्सने (LUKS, लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) एन्क्रिप्ट करा, त्यात २५५ चे २५५ मिळतात. पण त्याला मिंट परत बसवावं लागेल, आणि आधी बॅकअप घ्या, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इकडे पुसलं की तिकडेही पुसतं.

जुन्या आवृत्तीचं म्हणाल तर सिंकथिंग २.० ऑगस्ट २०२५ मध्ये आलं तेव्हा त्यांनी फाइल्सची नोंद ठेवायला लेव्हलडीबी हा डेटाबेस सोडून एसक्यूलाइट घेतला, जुन्याला हा डेटाबेस कळत नाही, मागे गेलात तर परत सगळं स्कॅन. ऑफिसच्या मशिनवर अजून जुनं असेल आणि ते अपडेट करणार असाल तर पहिल्यांदा उघडल्यावर डेटाबेस बदलायला वेळ लागतो, अडकलं म्हणून मध्येच मारू नका. आणि ते वॉच लिमिट (किती फाइल-फोल्डरच्या बदलांवर लक्ष ठेवायचं ती मर्यादा) ८१९२ वरून वाढवा म्हणून कोणीतरी लिहिलंय ते जुन्या लिनक्स कर्नलचं, ५.११ पासून रॅम बघून ते आपोआप वाढतं.

डीएफमध्ये काय येतंय ते इथे टाका. ईक्रिप्टएफएस नसेल तर माझं वरचं सगळं तुमच्या कामाचं नाही, मग एखादं अडकलेलं नाव जसंच्या तसं लिहा, मोजून बघतो.