ट्रॅगस टोचायचंय, सोनाराकडे जाऊ का?

प्रश्न: ताई, मला ट्रॅगस टोचायचंय, म्हणजे कानाच्या भोकासमोरचा तो छोटा कडक उंचवटा. आई म्हणते आपल्या सोनाराकडेच जा, मैत्रीण म्हणते गनने दोन सेकंदात होतं. खूप दुखतं का? आणि इयरफोनचं काय?

उत्तर: अगं, गनचं नाव पण काढू नकोस. त्यातली बोथट कुडी जोर लावून घुसवतात, कानाच्या पाळीला एकवेळ चालून जातं पण इथे कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड आहे, ती चिरडते, शिवाय गन नीट निर्जंतुक होत नाही. बुगडीसाठी वरचा कान टोचणारे सोनारकाका असतात आणि त्यांचा हातही हलका असतो, पण ट्रॅगससाठी मी तरी पोकळ, एकदाच वापरायच्या सुईने टोचणारा पियर्सरच शोधेन, सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला सांग. दागिना इम्प्लांट ग्रेड (शरीरात बसवायच्या दर्जाच्या) टायटॅनियमचा, मागे सपाट, दांडी थोडी लांब कारण सूज येणारच.

दुखतं, पण क्षणभर. खरी परीक्षा नंतर, कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात म्हणून भरायला ६ ते १२ महिने जातात आणि तोवर सलाईनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने पुसायचं, हळद-तेल काही नाही, फिरवत बसायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. कानात घुसणारे इयरफोनही त्या बाजूला बंद, हेडफोन घे (तोही दाबणारा नको). घरात कुणाला केलॉइड म्हणजे जखमेच्या जागी गाठी येत असतील तर आधी स्किनच्या डॉक्टरांना विचार. कान लाल, गरम होऊन ठणकायला लागला, पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि दागिना स्वतःहून उपसू नकोस.